कुठला लँकेस्टर घ्यावा? बॉम्बर विमानांची डायकास्ट मॉडेल्स जमवताना

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीला घर, दिवाणखान्यात ३० सेंमी खोलीचं काचेचं कपाट, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांचं पहिलं डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेलं) मॉडेल घ्यायचं आहे. ब्रिटिश लँकेस्टर घ्यावं की अमेरिकन बी-१७? १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) की १:१४४? जुनं, कुणीतरी वापरलेलं घेतलं तर चालतं का? आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकतं का? आणि पुढेमागे विकायची वेळ आली तर पैसे सुटतील का?

आधी टेप घेऊन कपाट आतून मोजा. सुताराने '३० सेंमी' म्हटलं असेल ते बाहेरून. मागचा प्लाय आणि पुढची सरकती काच वजा केली की आत २७-२८ उरतात. खऱ्या लँकेस्टरचा पंखविस्तार ३१.०९ मीटर आणि लांबी २१.१८ मीटर. १:७२ मध्ये हे ४३ सेंमी आणि २९.४ सेंमी होतं. म्हणजे नाक पुढे करून ठेवलं तर शेपटीच्या तोफा मागच्या प्लायला आणि नाकाचा बुर्ज (तोफांची फिरती घुमटी) काचेला टेकणार. तिरकं ठेवू, असं सगळ्यांनाच सुचतं. पण चार इंजिनांच्या बॉम्बरचा पंख लांबीच्या जवळजवळ दीडपट असतो, त्यामुळे तिरकं केलं की पंखाचं टोक काचेवर जातं. बी-१७ लांबीलाच साडेएकतीस सेंमी, तेही बसणार नाही. बी-२९ ची तर गोष्टच सोडा, १:७२ मध्ये त्याचे पंख ६० सेंमी भरतात.

तेव्हा तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. १:१४४ घ्यायचं, किंवा १:७२ मध्येच दोन इंजिनांच्या विमानांपासून सुरुवात करायची (मॉस्किटो २३ सेंमी पंखाचं, बी-२५ साधारण साडेअठ्ठावीस, हाइन्केल १११ साडेएकतीस, आणि लांबीला सगळी २३ च्या आत), किंवा भिंतीवर ४० सेंमी खोलीची वेगळी फळी करून घ्यायची आणि लँकेस्टर तिथे ठेवायचं. मी तिसरी वाट धरा म्हणेन, कारण प्रश्न वाचून लँकेस्टरवरच जीव अडकलेला दिसतो. मन मारून घेतलेलं मॉडेल वर्षभरात कुणाला तरी देऊन टाकलं जातं.

प्रमाण मात्र एकच ठेवा. फॅक्टरीत रंगवून आलेल्या बॉम्बरमध्ये १:७२ हे सगळ्यात भरवशाचं प्रमाण. कॉर्गीच्या एव्हिएशन आर्काइव्ह मालिकेत लँकेस्टर, बी-१७, वेलिंग्टन, मॉस्किटो, हाइन्केल १११ ही सगळी याच मापात आली. १:१४४ मध्ये अ‍ॅटलस एडिशन्स, अ‍ॅमरकॉम वगैरेंची मासिकांबरोबर येणारी स्वस्त मॉडेल्स मिळतात. तपशील जेमतेम, पण सहा बॉम्बर एका फळीवर मावतात. फ्रँकलिन मिंटच्या १:४८ च्या वाटेला फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने जाऊ नये, तिथे बी-१७ चे पंख ६६ सेंमी होतात. पण १:७२ आणि १:१४४ शेजारीशेजारी ठेवू नका. १:७२ चं मॉस्किटो २३ सेंमीचं आणि १:१४४ चं लँकेस्टर साडेएकवीसचं. चार इंजिनांचा दैत्य दोन इंजिनांच्या लाकडी विमानापेक्षा छोटा दिसतो. पाहुण्यांना नाही खटकणार. तुम्हाला रोज खटकेल.

आता मुख्य मुद्दा. 'लँकेस्टर की बी-१७' हा प्रश्नच मी बाजूला ठेवीन. लँकेस्टर एकूण ७,३७७ बनली. तुम्हाला त्यातलं कुठलं हवंय? मॉडेलच्या धडावर स्क्वाड्रनची अक्षरं आणि सिरियल नंबर छापलेला असतो. म्हणजे ते मॉडेल एका ठरावीक विमानाचं, आणि बारकाईने पाहिलं तर एका ठरावीक महिन्याचं असतं. आधी विमान निवडा, त्याचे फोटो जमवा, इतिहास वाचा, आणि मग त्या विमानाचं मॉडेल कुणी काढलंय का ते शोधा. हा क्रम पाळणाऱ्यांकडे दहा मॉडेल्स असतात आणि प्रत्येकाबद्दल तासभर बोलता येतं. उलटा क्रम लावणाऱ्यांकडे साठ असतात आणि निम्मी खोक्यातच पडून असतात.

उदाहरण म्हणून आर५८६८ घ्या. हे लँकेस्टर आज लंडनला हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयात उभं आहे. १३७ मोहिमा करून ते सुखरूप राहिलं. आधी ते ८३ स्क्वाड्रनमध्ये ओएल-क्यू, म्हणजे 'क्वीनी' होतं. नंतर ४६७ या ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनमध्ये जाऊन पीओ-एस, 'एस फॉर शुगर' झालं. कॉकपिटखाली प्रत्येक मोहिमेमागे एक पिवळा बॉम्ब रंगवत रांगा लावलेल्या, आणि खाली जर्मन हवाई दलप्रमुख गोरिंगची बढाई त्याच्याच नावाने लिहिलेली, की शत्रूचं एकही विमान राइखवरून (जर्मनीवरून) उडणार नाही. मे १९४४ मध्ये त्याची शंभरावी मोहीम मोजली गेली. आता गंमत पाहा: मॉडेलवर अक्षरं पीओ-एस असतील आणि बॉम्बच्या खुणा पन्नासच असतील, तर ते चुकलं. अक्षरं ओएल-क्यू आणि खुणा शंभर, तरी चुकलं. कंपनीने अभ्यास केलाय की नुसती अक्षरं चिकटवलीत, हे भिंग घेऊन पाच मिनिटांत कळतं.

आपल्यासाठी या विमानात आणखी एक धागा आहे. ते 'क्वीनी' असताना ८३ स्क्वाड्रनमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखटणकर नावाचे नॅव्हिगेटर होते. भारतीय हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलातून आलेले, आणि पुढे डीएफसी हे शौर्यपदक मिळवलेले. याच आर५८६८ मधून त्यांनी जर्मनीवरच्या मोहिमा केल्या. पायलटच्या मागे, पडद्याआड, नकाशा, पट्टी आणि दिव्याच्या उजेडात बसलेला माणूस तो. तुम्ही लँकेस्टर घेणारच असाल तर मी हे घ्या म्हणेन, आणि शक्यतो ओएल-क्यूच्या रंगात मिळतं का ते आधी शोधा. पीओ-एस अधिक सहज सापडतं, कारण संग्रहालयातलं विमान त्याच रंगात आहे.

बहुतेक लोक मात्र धरणवाल्या लँकेस्टरकडे वळतात. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ६१७ स्क्वाड्रनची १९ विमानं गेली, जर्मनीतली म्योनं आणि एडर ही धरणं फुटली, ८ विमानं परतली नाहीत, ५३ माणसं मेली. मोहिमेचा प्रमुख गाय गिब्सन, त्याचं विमान ईडी९३२, अक्षरं एजे-जी. मॉडेल घेताना पाठीकडे पाहा. या मोहिमेच्या विमानांच्या पाठीवरचा बुर्ज काढून टाकलेला होता आणि तिथला तोफची नाकातल्या बुर्जात बसवला होता. बॉम्ब बेचे दरवाजे नव्हते. पोटाखाली आडवा, पिंपाच्या आकाराचा उसळता बॉम्ब अर्धा बाहेर दिसायचा. पाण्यावरून नेमकं ६० फुटांवर उडता यावं म्हणून पोटाखाली दोन दिवे लावले होते, त्यांचे उजेडाचे ठिपके पाण्यावर जुळले की उंची बरोबर. साचा एकच वापरून नेहमीचं लँकेस्टर 'धरणवालं' म्हणून खपवलं असेल तर पाठीवर बुर्ज तसाच राहतो. तसलं दिसलं तर स्वस्त असलं तरी सोडा.

बी-१७ मध्ये पहिली तपासणी हनुवटीची. नाकाखाली दोन तोफांचा बुर्ज असेल तर ते विमान जी प्रकारचं. एफ प्रकाराला तो मुळात नव्हता. 'मेम्फिस बेल' (४१-२४४८५) एफ आहे. २५ मोहिमा संपवून १९४३ मध्ये ती अमेरिकेला परतली, आणि २०१८ पासून ओहायोत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात नीट दुरुस्त होऊन उभी आहे. तिच्या नाकावरची तरुणी डाव्या बाजूला निळ्या आणि उजव्या बाजूला लाल पोशाखात आहे. दोन्हीकडे एकच रंग छापलेली मॉडेल्स निघतात. रंगावरूनही काळ कळतो: अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची बी-१७ १९४३ पर्यंत वर काळपट हिरवी आणि खाली राखाडी, १९४४ च्या सुरुवातीपासून कारखान्यातून रंग न देता, चकचकीत पत्र्याचीच येऊ लागली.

वेलिंग्टनची परीक्षा वेगळी. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने त्याचा सांगाडा तिरक्या पट्ट्यांच्या जाळीचा केला होता आणि वर कापड ताणलं होतं. चांगल्या साच्यात ती चौकटीची नक्षी कापडाखालून हलकीच जाणवते. वाईट साच्यात खोदलेल्या रेघा दिसतात. आणि मॉस्किटो तर प्लायवूड आणि बाल्साचं विमान. ते जस्तात ओतलेलं हातात घेतलं की मला दरवेळी हसू येतं, पण मॉडेल म्हणून फार देखणं.

बी-२४ लिबरेटरवर मात्र मी थोडा थांबणार, कारण यात भारत आहे. युद्धात लिबरेटर बंगालमधल्या दिग्री, साल्बनीसारख्या तळांवरून ब्रह्मदेशावर जायची. तिथल्या ब्रिटिश विमानांच्या गोलाकार खुणेतला मधला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण लाल दिसला की जपानी समजून आपलेच लोक गोळ्या झाडायचे. म्हणून आग्नेय आशियातल्या ब्रिटिश विमानाचं मॉडेल घेताना लाल ठिपका दिसला तर भुवया उंचवा. युद्ध संपल्यावर ही लिबरेटर कानपूरला चकेरीत आणून निकामी करून टाकली. क्रेनने आपटली, इंजिनात वाळू ओतली, असं सांगतात. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टने त्यातली चाळीसएक विमानं पुन्हा उडण्याजोगी केली. कानपूरहून बंगळूरपर्यंत ती मोडकी धुडं उडवत न्यायचं काम कंपनीचे टेस्ट पायलट जिमी मुन्शी यांनी केलं. भारताचं ५ स्क्वाड्रन त्यांच्यावर उभं राहिलं, आणि ६ स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याला लोहगावहून समुद्रावर टेहळणीला जायची. १९६८ अखेर ती निवृत्त झाली, तेव्हा जगातली बाकीची बहुतेक लिबरेटर केव्हाच भंगारात गेली होती. आज ब्रिटनच्या आरएएफ संग्रहालयातलं केएन७५१ हे आपल्याकडे एचई८०७ होतं. कॅनडात ऑटावाला आहे ते, अ‍ॅरिझोनात पिमाला आहे ते, तीही भारतातूनच गेली. एक दिल्लीत पालमला आहे. शक्य असेल तेव्हा जाऊन पाहा, शेपटीखाली उभं राहिल्यावर अंदाज येतो.

भारतीय रंगातलं लिबरेटर हवं असेल तर स्वतः रंगवणं हाच सरळ मार्ग. त्यासाठी चांगल्या स्थितीतलं, प्रमाणपत्र असलेलं मॉडेल खरवडू नका. प्रोपेलर तुटलेलं, बिनखोक्याचं, स्वस्त १:१४४ घ्या, त्यावर हात साफ करा. डायकास्टवरचा रंग काढताना प्लॅस्टिकचे भाग आधी सुटे करावे लागतात. पातळ थिनरच्या वाफेनेही कॉकपिटची काच पांढरी होते.

बी-२९ बद्दल दोन ओळी. खरगपूर, चाकुलिया भागातून ५ जून १९४४ ला या विमानाची पहिली लढाऊ मोहीम बँकॉकवर गेली, तेव्हा ओढच असेल तर त्या काळातलं एखादं शोधा. बाजारात मिळतं ते मुख्यतः हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं 'एनोला गे'. त्याच्या शेपटीवर ६ ऑगस्ट १९४५ ला वर्तुळातला आर होता आणि शेपटीच्या तोफा सोडून बाकी सगळे बुर्ज काढलेले होते, एवढं तपासलं की झालं. मी ते घरात ठेवत नाही. हॅम्बुर्ग जुलै १९४३ मध्ये जाळणाऱ्या लँकेस्टरचं मॉडेल ठेवतोस आणि हे नाही, यात तर्क कुठला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे धड उत्तर नाही. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मेले आणि खाली शहरांत त्याच्या कित्येक पट. शाळकरी मुलं कपाटासमोर उभी राहून 'यानं काय केलं?' विचारतात तेव्हा मी दोन्ही आकडे सांगतो.

आता टिकण्याचं. ही मॉडेल्स लोखंडाची नसतात, त्यामुळे नेहमीचा गंज चढत नाही. ती जस्ताच्या मिश्रधातूची: जवळजवळ ९६ टक्के जस्त, ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम, कधी तांबं. यात शिसं किंवा कथील अगदी हजारांशाच्या प्रमाणातही जास्त मिसळलं तर धातूच्या कणांच्या सांध्यांत आतून क्षय सुरू होतो, ओतीव भाग फुगतो, वाकतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. याला झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात. लिव्हरपूलच्या मेकॅनोची १९३९ ची डिंकी फ्लाइंग फोर्ट्रेस किंवा त्या आधीच्या काळातली छोटी बॉम्बर कुणी विकत असेल तर म्हणूनच हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हा दोष ओततानाच येतो. नंतर इलाज नाही, लाखेचा थर देऊनही थांबत नाही. पण एका मॉडेलचा दुसऱ्याला लागत नाही. तशी समजूत आहे, ती चुकीची. उष्णता आणि ओल मिळाली की मात्र वेग वाढतो. खूण म्हणजे भाजलेल्या पापडावर येतात तसे रंगाखाली फोड, पंखाच्या मागच्या कडेला केसासारखी भेग, आणि एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली झुकलेला. स्टीलची पट्टी कडेला धरली की झुकणं लगेच दिसतं.

डोंबिवलीत खरा शत्रू वेगळाच असतो: खोका. जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याला बुरशी धरते, आतला फोम ओल शोषतो आणि रंगाला चिकटतो. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या मॉडेलवर दोन-तीन वर्षांत पिशवीच्या सुरकुत्यांचे डाग उमटतात. म्हणून मॉडेल कपाटात आणि खोका वेगळा, पोटमाळ्यावर न ठेवता बेडरूमच्या कपाटात कोरड्या जागी. कपाटात छोटं आर्द्रतामापक ठेवा. सिलिका जेलची पुडकी पावसाळ्यात दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा ठेवता येतात. डांबरगोळ्या चुकूनही ठेवू नका. त्यांच्या वाफेने प्रोपेलर, तोफा, बुर्जाच्या काचा, म्हणजे सगळं पॉलिस्टायरीन मऊ पडतं. आणि नवीन कपाट करून घेतलंत तर महिनाभर उघडं ठेवा. काच चिकटवायच्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो तो अ‍ॅसिटिक आम्लाचा, एमडीएफमधूनही तशाच वाफा निघतात, आणि आम्लाची वाफ बंद कपाटात साठली की जस्ताला मानवत नाही. वास पूर्ण गेल्यावर विमानं आत ठेवा. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झटका, काच पुसायचा स्प्रे मॉडेलवर मारू नका. ऊन पडणाऱ्या खिडकीसमोर कपाट नको, पारदर्शक भाग पिवळे पडतात. चार इंजिनांचं १:७२ चांगलंच जड असतं. काचेच्या फळीवर ओळीने चार ठेवणार असाल तर फळी ८ मिलिमीटरची आणि मध्ये आधार असलेली घ्या.

जुनं घ्यायला काहीच हरकत नाही, निम्मा छंद त्यावरच चालतो. विकणाऱ्याकडून ठरावीक फोटो मागा: प्रत्येक प्रोपेलरच्या पात्यांची टोकं, शेपटीच्या तोफा, पिटो नळी (वेग मोजणारी), अँटेनाचा खांब, चाकांचे दरवाजे, आणि पंखाची मागची कड बाजूने. बहुतेक मॉडेल्सना चाकं वर केलेले आणि खाली केलेले असे दोन संच असतात, दोन्ही आहेत का विचारा. स्टँड आणि प्रमाणपत्र हेही किमतीतच धरलेलं असतं. परदेशातून मागवताना पोस्ट आणि कस्टम्स ड्युटी धरून हिशेब करा, नाहीतर स्वस्त सौदा दारात आल्यावर महाग होतो.

पैसे परत मिळण्याच्या आशेवर घेऊ नका. मर्यादित आवृत्ती हा शब्द त्या एका रंगसंगतीपुरता असतो. साचा कंपनीकडेच राहतो आणि तेच विमान पुढच्या वर्षी नव्या अक्षरांनी येतं, तेव्हा जुन्याचा भाव उतरतो. कंपन्याही हात बदलतात: कॉर्गी मेटॉयची होती, १९८३ मध्ये मेटॉय बुडाली, मग व्यवस्थापकांनी स्वतः विकत घेतली, मग मॅटेल, मग पुन्हा व्यवस्थापकांनी घेतली, मग झिंडार्ट, आणि २००८ मध्ये हॉर्नबी. मालक बदलला की कुठले साचे पुन्हा बाहेर येतील ते बाहेरच्याला सांगता येत नाही.

तर तुमच्यासाठी: भिंतीवर ४० सेंमीची फळी, धुळीसाठी वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण, आणि १:७२ चं आर५८६८. ओएल-क्यू मिळालं तर उत्तम, नाहीतर खुणांची संख्या जुळणारं पीओ-एस. ३० च्या कपाटात त्याच मापातलं मॉस्किटो आणि बी-२५ नंतर सावकाश येऊ द्या. पार्सल आलं की खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि मॉडेल पंखाला धरून बाहेर ओढू नका, धडाखाली दोन्ही हात घालून उचला.